दात वयाने पडत नाहीत

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार १ ऑक्टोबर हा दिवस १९९१ पासून ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. या दिवशी वडीलधाऱ्यांना शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांचा गौरव करतो. परंतु त्या श्रीफळातील खोबऱ्याचा तुकडा चावता येईल इतके दात त्यांच्या मुखात शिल्लक आहेत काय, ही विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आज तीच करण्यासाठी मी उभा आहे.

मी वैद्य नव्हे. आरोग्यविषयक पत्रके छापून ती गावोगावी पोहोचविणे हे माझे काम. तथापि माझ्याच घरी काय घडले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई ताटातील चण्याची उसळ बाजूला सारू लागली. पुढे भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. "वय झालं, आता दात जायचेच," असे ती म्हणे आणि आम्हीही ते निमूटपणे मान्य केले. दात हलू लागले तेव्हा तिला दंतचिकित्सकाकडे नेले. हिरड्यांखालचे हाड झिजले होते. सात दात काढावे लागले. "हिरड्यांतून रक्त येत होते, तेव्हाच यायला हवे होते," एवढेच ते म्हणाले. ज्या पत्रकांचे गठ्ठे मी गावोगावी वाटले, त्यांतील एकही माझ्या घरात वाचले गेले नव्हते.

मंडळी, दात वयाने पडत नाहीत. बहुधा ते रोगाने पडतात. जेवणानंतर दातांवर जंतूंचा एक चिकट थर साचत असतो. तो रोज काढला नाही तर काही दिवसांत कठीण होऊन त्याचे किटण बनते. हिरड्या सुजतात, लाल होतात, दात घासताना रक्त येते. या अवस्थेत उपचार केल्यास हिरड्या पूर्ववत होतात. दुर्लक्ष केल्यास मात्र सूज खोलवर जाते, दाताला आधार देणारे हाड हळूहळू झिजते आणि चांगला, न किडलेला दातही हलून पडतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. या रोगात बरेच दिवस दुखत नाही, हीच त्याची खरी फसवणूक होय.

जपानमध्ये १९८९ साली 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीम सुरू झाली. २०१६ च्या तेथील पाहणीत ऐंशीच्या आसपास वय असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचे वीस किंवा त्याहून जास्त दात शाबूत असल्याचे आढळले. म्हातारपण तेथेही येतेच. फरक निगेचा आहे.

आपल्याकडे काही गैरसमज घर करून बसले आहेत. दात स्वच्छ करून घेतले की ते सैल होतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः किटणाने झाकलेला सैलपणा किटण निघाल्यावर दिसू लागतो, इतकेच. वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हीदेखील निराधार समजूत आहे. रक्त येते म्हणून दात घासणे थांबविणे म्हणजे तर रोगाला मोकळे रान देणे होय.

मशेरीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तव्यावर भाजलेली ती तंबाखूच आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत. उलट हिरड्यांचा रोग बळावतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते, त्यामुळे रोग झाकलेला राहतो. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

उपाय साधे आहेत. मऊ ब्रशने व फ्लोराइडयुक्त पेस्टने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी हलक्या हाताने दात घासावेत. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात झिजतात; ती वापरू नयेत. वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यावेत. कवळी असल्यास ती रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी आणि हिरड्यांना बोचू लागल्यास सोसत न बसता दाखवावी. बांबोळी येथे गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथवर जाणे ज्यांना अवघड वाटते, त्यांनी आधी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, मुलांना घरच्या आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारावयास सांगावे: "दात घासताना रक्त येतं का?" अधिकारी मित्रांनी वृद्धांना तपासणीस नेण्याची व्यवस्था पाहावी. आणि घरातील कर्त्या माणसांनी वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे लक्ष द्यावे. ताटात काय उरते, यावरून पुष्कळ कळते. मला ते उशिरा कळले.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो. कष्टाने संसार उभा करून ज्यांनी चणे मिळविले, त्यांचे दातही टिकावेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.