संततिनियमन आणि आपले पुढारी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी सूचना मांडली की, ज्ञातीची संख्या घटत आहे, सबब तिसरे अपत्य होणाऱ्या कुटुंबास मंडळाने पारितोषिक द्यावे. सूचनेमागील कळकळ आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दिवशी एकही भगिनी बोलली नाही, हे आम्हांस खटकले. म्हणून आज बोलण्याची परवानगी मागितली.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते एकट्याच्या हिमतीवर. पुढे मुंबई विधानसभेत हा प्रश्न नेला तो डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेल्या भाषणात दारिद्र्याचा विचार होताच. पण प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्यास आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यास कोणी राजी झाला नसता, असाही रोखठोक मुद्दा होता. सरकार काँग्रेसचे होते, आणि गांधीजींना संयमावाचून अन्य उपाय मान्य नव्हता. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. गंमत अशी की, त्याच वर्षी काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या नियोजन समितीने पुढे संततिनियमनाचाच पुरस्कार केला, आणि १९५२ पासून तर तो सरकारी कार्यक्रम झाला!

पुढे त्या कार्यक्रमाची सक्ती झाली. आणीबाणीत आम्ही शाळकरी होतो. आमच्या गुरुजींना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे काम लागले होते. वर्ग मोकळा सोडून ते वाड्यावस्त्या हिंडत आणि संध्याकाळी खाली मान घालून परतत. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. १९७७ साली जनता पक्ष आला आणि ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंबकल्याण’ झाले. नाव पालटले, भार मात्र स्त्रियांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आधार अर्धा टक्का जोडप्यांनाही नव्हता.

आता वारे पुन्हा फिरले आहे. दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यांस स्थानिक निवडणुकीत मनाई करणारा नियम आंध्र प्रदेशाने २०२४ साली रद्द केला, आणि तेथील मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू अधिक मुले होऊ द्या म्हणून सांगू लागले. कधी डोकी जास्त झाली म्हणून, कधी कमी पडली म्हणून; आमच्या मंडळाची सूचनाही याच हिशेबातली.

आमच्या मातोश्रींची सात बाळंतपणे झाली. त्यांतून आम्ही तिघे जगलो. आणखी एक हवे की नको, असे त्यांना कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्हीही कधी विचारले नाही, आणि आता विचारण्यास त्या नाहीत.

तेव्हा कार्यकारिणीस आमची विनंती अशी की, ही सूचना प्रथम महिला सभासदांच्या स्वतंत्र सभेपुढे ठेवावी आणि तेथे गुप्त मतदान घ्यावे. पुरुष सभासदांनी तेवढा वेळ अंगणात चहा घेत बसावे. त्या चहाचा खर्च आम्ही देऊ.