हरलेल्या डावाची तपासणी

गावच्या सामन्यांतले डाव आम्ही टिपून ठेवतो आणि हरलेला आधी तपासतो. समोरचा वजीर व उंट आपल्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर टपलेले. त्याला राजाखेरीज कुणाचाच जोर नाही. नवखा खेळाडू वजिराला हुसकावण्यासाठी घोडा काढतो आणि चौथ्या खेळीला मात होते! आपला हल्ला दिसला, समोरच्याचा दिसला नाही. संगणक चूक क्षणात दाखवितो. ती का झाली, हे खेळणाऱ्यानेच शोधायचे. १९४८ साली जगज्जेता झालेला बोटविनिक म्हणूनच आपल्या डावांवर टिपणे लिहून ती टीकेसाठी प्रसिद्ध करावीत, असा आग्रह धरी. फसलेल्या संपातही हेच आढळते: आपली ताकद मोजलेली असते, मालकाची नसते. तेव्हा खेळी असो वा मागणी, आधी विचारावे: यावर समोरचा काय करील?