युक्तिवादाची पारख

मनुष्याच्या बोलण्यात ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे दोन लहानसे शब्द दिवसातून किती वेळा येतात, याची कोणी मोजदाद ठेवीत नाही. दुधाला वास येतो, म्हणून ते नासले असावे, असे गृहिणी म्हणते. साक्षीदार त्या दिवशी गावात नव्हता, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य नव्हे, असे वकील म्हणतो. गतवर्षी भाव चढले, म्हणून यंदाही चढतील, असा व्यापाऱ्याचा अदमास असतो. या तिन्ही ठिकाणी मनाची क्रिया एकच आहे. माहीत असलेल्या गोष्टीच्या आधाराने माहीत नसलेल्या गोष्टीकडे जाण्याची ती क्रिया होय. या क्रियेला शब्दरूप मिळाले की त्यास युक्तिवाद म्हणतात. जी गोष्ट पटवून द्यावयाची तो निष्कर्ष, आणि जिच्या बळावर ती पटवावयाची तो आधार.

युक्तिवाद पारखण्यापूर्वी तो ओळखता आला पाहिजे. नुसते विधान म्हणजे युक्तिवाद नव्हे; आज्ञा, वर्णन किंवा हकीकत म्हणजेही युक्तिवाद नव्हे. एवढेच नव्हे, तर ‘कारण’ हा शब्द आला म्हणून तेथे युक्तिवाद असतोच असेही नाही. ‘अंगण ओले आहे, कारण रात्री पाऊस पडला’ या वाक्यात अंगणाच्या ओलेपणाबद्दल कोणालाच शंका नाही. ते ओले का झाले, एवढाच उलगडा केला आहे. उलट ‘रात्री पाऊस पडला असला पाहिजे, कारण अंगण ओले आहे’ या वाक्यात पाऊस कोणी पाहिलेला नाही. ओल्या अंगणावरून तो सिद्ध करावयाचा आहे. पहिले वाक्य स्पष्टीकरण, दुसरे युक्तिवाद. दुसऱ्या वाक्यालाच ‘पहाटे कोणी सडा घातला नसेल कशावरून?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारलाही पाहिजे.

युक्तिवाद ओळखल्यावर त्याला दोन प्रश्न करावयाचे असतात, आणि ते दोन्ही एकमेकांत मिसळू द्यावयाचे नसतात. पहिला प्रश्न असा की, सांगितलेले आधार खरे आहेत काय? दुसरा असा की, ते खरे मानले तरी त्यांतून निष्कर्ष निघतो काय? ‘सर्व पक्षी उडतात; शहामृग हा पक्षी आहे; म्हणून शहामृग उडतो’ या युक्तिवादाची बांधणी निर्दोष आहे, परंतु पहिलाच आधार खोटा आहे. ‘बडोद्यात राहणारा प्रत्येक मनुष्य गुजरातेत राहतो, अमुक गृहस्थ गुजरातेत राहतात, म्हणून ते बडोद्यात राहतात’ या युक्तिवादाचे दोन्ही आधार खरे आहेत, परंतु ते गृहस्थ सुरतेचे असू शकतील. समजा, ते खरोखरच बडोद्याचे निघाले. तरीही युक्तिवाद सदोषच राहतो. निष्कर्ष खरा निघाला म्हणून त्याकडे नेणारी वाट बरोबर होती असे ठरत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान दुसऱ्यास पटवून देण्यासाठी पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तेथे अग्नी आहे, हे निगमन. या पाचांमध्ये सगळा भार तिसऱ्या अवयवावर असतो. धूर आणि अग्नी यांचे अव्यभिचारी साहचर्य, म्हणजे नैयायिक जिला व्याप्ती म्हणतात ती, खरी असेल तरच बाकीची इमारत उभी राहते. आणि ही व्याप्ती एकेरी असते, हे विसरता कामा नये. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. अग्नीवरून धुराचे होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. अग्नीला धूर यावयाचा तर सरपण ओले असावे लागते. ही जी मध्येच लपलेली अट, तिला नैयायिकांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. फसवे अनुमान बहुधा अशा न सांगितलेल्या अटीपाशीच फसते.

या तत्त्वांचे मोल एका खऱ्या प्रकरणावरून चांगले ध्यानात येते.

1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. कॉलऱ्याच्या लशीसाठी 1893 साली हिंदुस्थानात आलेले वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली व तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. 1902 साली पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम निघाली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुल्कोवाल या गावी 107 माणसांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांतील 19 जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, आणि ते सर्व मरण पावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती. तिचा क्रमांक 53-एन.

लोकांच्या मनात पहिला युक्तिवाद आला तो असा: लस टोचली आणि माणसे मेली, म्हणून लस प्राणघातक आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे म्हणून हा युक्तिवाद झटकून टाकता येईल काय? येणार नाही. त्या एका बाटलीची लस ज्यांना मिळाली ते सारे दगावले, आणि त्याच दिवशी, त्याच गावी, दुसऱ्या बाटल्यांची लस ज्यांना मिळाली त्यांना धनुर्वात झाला नाही. असेल तेथे आहे आणि नसेल तेथे नाही, अशा अन्वय-व्यतिरेकाने जेव्हा दोन गोष्टी बांधल्या जातात, तेव्हा त्यास योगायोग म्हणणे हाच अविचार होय. परंतु याच निरीक्षणाने मूळ निष्कर्षही खोडून निघतो. लसच प्राणघातक असती, तर उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांवरही तिचा प्रभाव दिसला असता. तेव्हा आधारांतून निघते ते इतकेच की, 53-एन या बाटलीशी संबंधित अशी काहीतरी अनिष्ट गोष्ट घडली. त्यापलीकडे एक पाऊलही पडत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक विद्वत्तेचा होता. चौकशी मंडळाने प्रकरण हाती घेतले आणि ही बाटली गावात उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेत, दूषित झाली असावी, असा अभिप्राय दिला. हाफकिन यांनी लस जंतुरहित ठेवण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते व उष्णतेवर भिस्त ठेवली होती, या गोष्टीवर बोट ठेवण्यात आले. हाफकिन पदावरून दूर झाले.

या युक्तिवादाला पाच अवयवांच्या साच्यात बसवून पाहिले म्हणजे त्यातील पोकळी दिसते. प्रतिज्ञा: दोष प्रयोगशाळेचा. हेतू: तेथे कार्बोलिक आम्ल वगळले होते. आता व्याप्ती कोणती? ‘जेथे कार्बोलिक वगळले जाते तेथे लस दूषित होते’ अशी व्याप्ती असावयास हवी. पण त्याच पद्धतीने तयार झालेल्या इतर बाटल्या निर्दोष निघाल्या होत्या. हेतू आहे आणि साध्य नाही, अशी उदाहरणे समोर उभी असता त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. शिवाय धनुर्वाताचे बीजाणू अतिशय चिवट असतात. सौम्य कार्बोलिकने त्यांचा निःपात होतोच असे नाही. म्हणजे कार्बोलिक घातले असते तर अपघात टळला असता, हा न बोललेला आधारही डळमळीत होता.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयाची आहे. बाटली परळला दूषित झाली, हा एक पक्ष. ती मुल्कोवालला उघडताना दूषित झाली, हा दुसरा. बाटलीच्या उरल्यासुरल्या द्रवात धनुर्वाताचे जंतू सापडले, तर त्यावरून यांपैकी कोणता पक्ष सिद्ध होईल? कोणताच नाही, कारण दोन्ही पक्षांत जंतू सापडणारच. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, तो कितीही खरा असला तरी निवाड्याच्या कामी येत नाही. निवाडा करावयाचा तर एका पक्षात जे दिसावे आणि दुसऱ्यात दिसू नये, असे चिन्ह शोधले पाहिजे.

अशी चिन्हे होती. गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरण्यात आला होता. धनुर्वाताच्या बीजाणूंचे वसतिस्थान मातीच होय. दुसरे चिन्ह वासाचे. लस कित्येक आठवडे अगोदर तयार झालेली होती. तेव्हापासून तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. तसा वास आल्याचे उघडणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते. तिसरे चिन्ह काळाचे. जंतूंनी बाटलीतच विष साठवले असते, तर टोचल्यावर लक्षणे लवकर दिसावयास हवी होती. ती दिसली सुमारे आठवड्याने, म्हणजे जखमेत नुकतेच जंतू शिरले असता जेवढा अवधी लागतो तेवढ्याने.

यांतील प्रत्येक चिन्ह एकेकटे घेतले तर त्यावर आक्षेप घेता येतो. वास आला नाही ही स्मरणाची गोष्ट आहे, आणि स्मरण फसवे असते. लांबून धूर वाटलेले धुकेही ठरू शकते; मग हेतूच असिद्ध होतो. चिमटा पडला म्हणून त्याला बीजाणू लागलेच होते असेही म्हणता येत नाही. परंतु एकमेकांवर अवलंबून नसलेली तीन चिन्हे एकाच दिशेला बोट दाखवू लागली, आणि विरुद्ध दिशेला दाखवणारे एकही भक्कम चिन्ह मिळाले नाही, म्हणजे विवेकी मनुष्याने पारडे कोणत्या बाजूस झुकते ते मान्य करावे. गणितातील सिद्धांतासारखी निरपवाद खात्री व्यवहारात क्वचितच मिळते. तेथे आधारांचे वजन करावे लागते. आणि जेथे वजन पुरेसे नसेल, तेथे निर्णय राखून ठेवण्याचे धैर्य लागते.

आणखी एक मोह अशा प्रसंगी होतो, तो म्हणजे युक्तिवाद सोडून माणसाकडे पाहण्याचा. हाफकिन वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. जन्माने परके होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्यांवरून 53-एन बाटलीत माती कोठे शिरली हे कळत नाही. याच्या उलट मोहही तितकाच घातक आहे. चौकशी मंडळावर मोठी माणसे होती, म्हणून त्यांचा अभिप्राय बरोबर, असे मानणे म्हणजे विचाराचे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणे होय. अधिकारी व्यक्तीच्या मताला वजन असते हे खरे. पण ते मत ज्या आधारांवर उभे असते, त्यांच्याइतकेच.

या प्रकरणाची उलटतपासणी व्हावयास जवळजवळ पाच वर्षे लागली. सिकंदराबाद येथे 1897 साली हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञ यांनी जुलै 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून आरोप सिद्ध झालेला नाही, हे आधारांनिशी मांडले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. मात्र परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही; ते कलकत्त्यास गेले आणि 1914 साली निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव 1925 साली देण्यात आले. पण एका मनुष्याची मानहानी एवढीच या प्रमादाची किंमत नव्हती. मुल्कोवालनंतर पंजाबातील लोकांचा टोचणीवरील विश्वास उडाला आणि मोहीम कोसळली. हिंदुस्थानात त्या साथीने काही दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. ‘म्हणून’ हा शब्द चुकीच्या जागी पडला म्हणजे त्याचे परिणाम कोठवर पोहोचतात, ते यावरून दिसते.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होते तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडण्यासाठी होते ती वितंडा. वाद करणाऱ्याची खूण अशी की, तो उत्तर देण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्यापेक्षाही चांगल्या रीतीने मांडून दाखवितो. घरातील मतभेद असो, सभेतील ठराव असो, की वर्तमानपत्रातील अग्रलेख असो, श्रोत्याने चार प्रश्न मनाशी बाळगावेत. येथे नेमके काय सिद्ध करावयाचे आहे? त्याचे आधार कोणते, आणि ते खरे कशावरून? त्या आधारांतून हेच निघते, की आणखीही काही निघू शकेल? आणि निष्कर्ष खोटा असता, तर काय वेगळे दिसले असते? चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. मुल्कोवालच्या बाटलीबाबत तो 1903 सालीच पुरेशा निष्ठेने विचारला गेला असता, तर उत्तर शोधण्यास 1907 साल उजाडावे लागले नसते.