हर्पिसची रक्तपरीक्षा : कोणाची आणि कशासाठी?



ज्या रोगाचे नाव चारचौघांत उच्चारू नये असा आपल्याकडे दंडक आहे, त्याच रोगाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. न बोलल्याने रोग कमी होत नाही. भीती मात्र वाढते, आणि तिचे मोल पुढे संसारांना द्यावे लागते. प्रश्न असा : सार्वजनिक लैंगिक आरोग्य दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची हर्पिसची रक्तपरीक्षा करावी काय?

आधी रोग ओळखू. आपण जिला नागीण म्हणतो ती ही नव्हे. ती याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूची करणी. या हर्पिसचे प्रकार दोन. पहिला बहुधा ओठांवर फोड आणतो, पण जननेंद्रियावरही येऊ शकतो. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी माणसांत हा दुसरा प्रकार आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत ठाण मांडतो तो जन्मभर.

कोणी म्हणेल, "मग सर्वांचीच परीक्षा करा, अज्ञानापेक्षा ज्ञान बरे!" बोलणे खरे, पण या परीक्षेतून मिळते ते ज्ञान किती? ती विषाणू पाहत नाही. त्याच्याशी झुंजताना रक्तात उपजलेली प्रतिपिंडे पाहते. ती दिसू लागायला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पहिल्या प्रकारची प्रतिपिंडे सापडली, तरी विषाणू ओठावरचा की जननेंद्रियाचा हे कळत नाही. तो कोणाकडून आणि केव्हा आला, हे तर मुळीच नाही. आणि संशयाने पेटलेल्या घरात नेमके तेच विचारले जाते!

शिवाय परीक्षा चुकतेही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञमंडळाने २०१६ साली हा हिशेब तपासला. शंभर माणसांपैकी सोळांना दुसऱ्या प्रकारचा संसर्ग आहे असे धरा. तेथे सर्रास वापरली जाणारी परीक्षा त्या सोळांपैकी जवळजवळ सर्वांना पकडते; पण उरलेल्या चौऱ्याऐंशी निरोगी माणसांपैकीही सुमारे सोळांवर तोच शिक्का मारते. म्हणजे दोषी ठरलेल्यांत निम्मे निर्दोष! म्हणून लक्षणे नसलेल्यांची सरसकट परीक्षा नको, असा सल्ला मंडळाने दिला आणि २०२३ साली तोच कायम ठेवला.

मग उपदंशाची आणि एचआयव्हीची परीक्षा का करतात? कारण तेथे उत्तरामागून उपाय येतो. उपदंश पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्हीवरील औषधे आयुष्य वाढवतात आणि संसर्ग रोखतात. हर्पिस समूळ घालवणारे औषध अजून नाही.

पण यावरून ही परीक्षा दवाखान्यातून हद्दपार करावी, असेही आम्ही म्हणत नाही. अंगावर फोड असतील तर फोडातील द्रावाची तपासणी अधिक भरवशाची. पण फोड वारंवार येतात आणि द्रावात काही सापडत नाही, अशाच्या उपयोगी रक्तपरीक्षा पडते. पतीला हर्पिस आहे आणि पत्नी गरोदर आहे, तेथे तर तिचे मोल फार. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रीला प्रथमच संसर्ग झाला, तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाला लागण्याचा धोका मोठा असतो आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. ती अजून संसर्गमुक्त आहे हे वेळीच कळले, तर त्या काळापुरता संयम पाळून ते टळते. दोघांपैकी एकालाच दुसऱ्या प्रकारचा संसर्ग असलेल्या जोडप्यांत, बाधित जोडीदाराने रोज व्हॅलसायक्लोविर घेतल्यास दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीला आपल्याकडे पुष्कळदा 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी सांगतात. तीत हर्पिसही येतो. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ च्या मार्गदर्शिकेत, अशा कामी ही तपासणी सोडून द्यावी असे सांगितले. तरी कागदावर 'पॉझिटिव्ह' एवढा एक शब्द उमटतो आणि घरची सारी बोटे त्या दुःखी स्त्रीकडे वळतात. हा न्याय कसला?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. सरकारी रुग्णालयांतील लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत ही परीक्षा असावी, पण जाळे टाकल्यासारखी सर्वांवर नको. रक्त घेण्याआधी समुपदेशकाने विचारावे, "उत्तर आले तर तुम्ही काय कराल?" ज्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर आहे, त्याला परीक्षा जरूर मिळावी, ऐपत नाही म्हणून नाकारली जाऊ नये. निकाल काठावरचा असेल तर दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यावा, आणि तोवर कोणाच्याही कपाळी शिक्का मारू नये.

आणि आपण नागरिकांनी? शेजारच्या घरातून असा कागद बाहेर आलाच, तर त्यावरून कोणाचे चारित्र्य वाचू नये. रक्ताला ते ठाऊक नसते.