जमीन कोणाच्या नावावर?



सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचा विषय गटाच्या बैठकीत निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "हे आपल्याकडंच असं. बाहेरच्या देशात बायकांना सगळं सरळ मिळत असेल." म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या जमिनीची गोष्ट सांगणार आहोत. सिनेमात टोपीवाले घोडेस्वार धूळ उडवत जातात, तोच हा काळ. पण आपण घोडे सोडून देऊ आणि कागद बघू.

गोऱ्या लोकांची वस्ती आधी अमेरिकेच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला होती. तिथून ते पश्चिमेकडं सरकत गेले. मध्ये नेब्रास्का, डकोटा असा गवताचा अफाट माळ. तिथं लोक जाऊन राहावेत म्हणून १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. वय २१ पूर्ण असेल किंवा तुम्ही कुटुंबप्रमुख असाल, तर थोडी फी भरून १६० एकर जमिनीवर दावा लावायचा. तिथं घर बांधायचं, जमीन कसायची, ५ वर्षं राहायचं. मग दोन साक्षीदार उभे करायचे, की जमीन तुमच्या नावावर.

या कायद्यात बाईला मनाई नव्हती. कुमारिका, विधवा, घटस्फोटित, नवऱ्यानं टाकलेली, या सगळ्यांना स्वतःच्या नावावर दावा लावता येई. त्या काळात तिथल्या बहुतेक बायकांना मताचाही अधिकार नव्हता, हे लक्षात घ्या. नॉर्थ डकोटात पुढं साधारण दहा दाव्यांमागं एक दावा बाईचा होता, असं अभ्यासकांनी कागद तपासून सांगितलं आहे.

आता १६० एकर ऐकून कोणाचे डोळे विस्फारले असतील, तर थांबा. माळावर झाड नाही, त्यामुळं घराला लाकूड नाही. गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या लाद्या नांगरानं कापायच्या आणि विटांसारख्या रचायच्या, ते घर. पाऊस आला की छत गळायचं, वर कधी सापही निघायचा. चुलीला सरपण नाही. मग माळावर पडलेलं बायसनचं वाळलेलं शेण वेचायचं. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंद. पुढं बायसन मारून संपवले, तेव्हा गाईचं शेण वेचू लागले. शहरातून आलेल्या बायका म्हणे सुरुवातीला शेणाला हात लावायला तयार नसत. आपल्याला याचं हसू येईल, पण थंडीनं त्यांनाही शिकवलं. १८७४ साली टोळधाड आली, तिनं उभी पिकं खाल्ली. पुष्कळ लोक दावे सोडून परत गेले.

ज्या बायका टिकल्या, त्या बहुतेक एकमेकींच्या आधारानं. नेब्रास्कातल्या चार ख्रिसमन बहिणींचा १८८६ सालचा फोटो प्रसिद्ध आहे. मातीच्या घरापुढं चौघी उभ्या आहेत. दाव्याच्या जमिनीवर राहिलंच पाहिजे, असा नियम. मग त्या पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी मुक्कामाला जात, म्हणजे कोणी एकटी पडत नसे. काही मैत्रिणी तर शेजारशेजारचे दावे घेत आणि बांधावरच खोली बांधत. दोघींच्या खाटा आपापल्या जमिनीत!

पण कायद्यात एक खोच होती. नवऱ्याबरोबर नांदणारी बाई कुटुंबप्रमुख धरली जात नसे. तिला स्वतःचा दावा लावता येत नव्हता. एलिनोर प्रुइट नावाची बाई डेनव्हर शहरात लोकांचे कपडे धुऊन आपल्या लेकीला वाढवत होती. १९०९ साली ती वायोमिंगमध्ये एका शेतकऱ्याकडं घरकामाला आली आणि शेजारच्याच जमिनीवर तिनं आपला दावा लावला. आठवड्याभरात त्या शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. नवरा-बायकोनं वेगवेगळ्या घरांत राहून दोन दावे चालवणं नियमात बसत नव्हतं. बाईनं एकटीनं जमीन कशी करावी, याबद्दल तिनं लिहिलेली पत्रं पुढं पुस्तकात छापून आली आणि खूप वाचली गेली. पण कागद बघितले तर तिनं आपला दावा १९१२ साली सोडून दिला, आणि त्याच जमिनीवर तिच्या विधवा सासूनं दावा लावला. विधवेला हक्क होता, सुनेला नव्हता. पेरणी, मळणी, गुरं, पोरं सगळं सुनेनं केलं तरी.

इथपर्यंत गोष्ट सांगून थांबलो असतो तर अर्धीच झाली असती. सरकारनं ही जमीन वाटली, पण ती सरकारकडं आली कुठून?

नॉर्थ डकोटात मिसूरी नदीच्या काठी हिदात्सा नावाचे मूळ रहिवासी राहत. त्यांच्यात शेती बायकांची. शेत आईचं, लेकींचं, बहिणींचं. राहतं घरही बायकांचं. बफलो बर्ड वुमन या हिदात्सा बाईनं म्हातारपणी आपल्या शेतीची सगळी रीत सांगितली, ती १९१७ साली छापली गेली. मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल ही त्यांची पिकं. तिची आजी टोकदार काठीनं जमीन उकरायची आणि बायसनच्या खांद्याच्या हाडाच्या कुदळीनं खणायची. कणसं भरली की मुली माच्यावर बसून गाणी म्हणत पाखरं हाकलायच्या. दाणे साठवायला जमिनीत खोल खड्डे खणून आतून गवत लावायचे. आपल्याकडची पेवंच ती! आमच्या गटातल्या जुन्या बायकांना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणतील, यात नवीन काय.

या लोकांवर १८३७ साली देवीची साथ आली आणि माणसं फार मेली. १८५१ च्या करारात हिदात्सा आणि त्यांच्या दोन शेजारी जमातींची म्हणून एक कोटी एकरांहून अधिक जमीन धरली होती. पुढच्या पस्तीस वर्षांत ती दहा लाख एकरांच्या आत आली. मग १८८७ साली डॉस कायदा झाला. सगळ्या जमातीची मिळून असलेली जमीन तुकडे करून माणसागणिक वाटायची आणि उरलेली गोऱ्यांना द्यायची. १६० एकर पुन्हा कुटुंबप्रमुखाला. कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या मालकिणी होत्या, त्यांपैकी नांदत्या बायकांना मूळ कायद्यात वेगळा वाटाच नव्हता. चार वर्षांनी दुरुस्ती झाली, तेव्हा प्रत्येक माणसाला ८० एकर असं ठरलं. देशभरातल्या मूळ रहिवाशांकडं १८८७ साली १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख राहिली.

ख्रिसमन बहिणींचं कष्टाचं मोल आम्ही कमी करत नाही. त्यांनी कायद्यात होतं ते घेतलं. पण एका बाईचं नाव चढवणारं सरकार दुसऱ्या बाईचं शेत मोडत होतं, हेही त्याच दप्तरात आहे, आणि ते सोडून ही गोष्ट सांगायला आमचं मन घेत नाही.

हिदात्सांच्या नदीकाठच्या उरलेल्या सुपीक जमिनीवर पुढं गॅरिसन धरण आलं. १९४८ साली कागदावर सह्या होताना जमातीचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चष्मा काढून, चेहरा हातात धरून रडताहेत, असा फोटो आहे. १९५३ साली धरण पुरं झालं. दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, आणि बफलो बर्ड वुमनचं जुनं गावठाणही त्यात बुडालं. धरणग्रस्त म्हणजे काय, हे आपल्या कितीतरी श्रोत्यांना आम्ही सांगायची गरज नाही.

बियाणं मात्र राहिलं. हिदात्सा बायकांनी निवडून ठेवलेल्या घेवड्याचं आणि भोपळ्याचं बी अमेरिकेत आजही मिळतं, लोक परसात लावतात. पाकिटावर हिदात्सा हे नाव छापलेलं असतं.