घरच्या रक्षणासाठी पहिली बंदूक


राळेगाव-पांढरकवड्याच्या शिवारावरील टी-१ वाघिणीची दहशत २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली तेव्हा संपली. त्या दिवसांपासून शेतवस्तीवरील आपली कुटुंबे आम्हांस विचारतात, बंदूक घ्यावी काय, आणि कोणती?

१९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये रक्षणासाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. आमची पसंती बारा बोअरच्या दुनळीस आहे. ती मधून मोडली की भरलेली आहे की रिकामी, हे डोळ्यांना दिसते. पिस्तुलाचा रुबाब लग्नमंडपातच खुलतो. आणि तेथे जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबारास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

मात्र कुडाच्या भिंतीने छर्रे थांबत नाहीत, आणि पलीकडे आपलीच मुले निजलेली असतात. आम्ही बंदूक एका कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवतो. एके रात्री अंगणात पाऊल वाजले. अंधारात काडतुसांची किल्ली चाचपडत असतानाच दारातून हाक आली. आमचे चुलतेच परगावाहून आले होते. किल्ली आम्ही अजूनही त्याच अडचणीच्या जागी ठेवतो.