पानिपतावर पडलेल्या माणसाचे गहाणखत

आपापले कुलवृत्तांत पिशवीत घालून गावोगावहून वाईला आलेल्या पाहुण्यांनो,

स्वागताध्यक्षाने घाटाकडे जायची वाट दाखवावी, ढोल्या गणपतीचे दर्शन चुकवू नका म्हणावे, जेवण एकला आहे हे सांगावे आणि बसावे. ते सगळे सांगून झाले. भरली वांगी कृष्णाकाठची आहेत, तेव्हा उशीर करू नका. आता हातात ध्वनिक्षेपक आहे म्हणून थोडे मनातले बोलतो.

माझी हयात तलाठी म्हणून गेली. सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढवायचे तर शेजारी फेरफाराचा नंबर हवा, एवढे मी झोपेतही सांगितले असते. खातेदार म्हणायचा, ‘अण्णा, अख्ख्या गावाला ठाऊक आहे जमीन माझी.’ मी म्हणायचो, ‘गावाला ठाऊक असू दे, कागद दाखव.’ आणि याच तलाठ्याने पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःचा कुलवृत्तांत छापला तेव्हा त्यात एकाही नोंदीला आधार दिला नाही. आजोबांच्या वहीत एका पूर्वजाच्या नावापुढे ‘पानिपतावर पडले’ असे होते. ते तसेच छापले. वाचताना छाती फुगायची.

काही वर्षांनी कोकणातल्या आमच्याच आडनावाच्या एका घराण्याचे पुस्तक आले. त्यातही तोच पूर्वज, तेच पानिपत. दोन घराणी, दोन साक्षी! मी एसटीने त्यांच्या गावी गेलो. लेखक ऐंशीच्या घरातले. चहा झाल्यावर विचारले, ‘दादा, पानिपताला आधार काय?’ ते उठले, कपाटातून प्लॅस्टिकचे कव्हर घातलेले पुस्तक काढले आणि माझ्या हातात दिले. ‘हे काय, तुमचंच की!’

पुढे चुलतभावाच्या माळ्यावर मोडीतले एक गहाणखत सापडले. आमच्या पूर्वजाच्या नावाच्या माणसाने मळा गहाण टाकलेला. सन ‘सबा सितैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर 1167, म्हणजे इसवी 1766-67. पानिपत झाले जानेवारी 1761 मध्ये. पडलेला माणूस पाच-सहा वर्षांनी मळा गहाण टाकतो तरी कसा? मी लगेच भावकीत जाहीर केले की ते वाचले होते. तेव्हा मोडी वाचून देणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘बापाचं नाव कुठाय?’ ते होते घडीवर, आणि घडी फाटलेली. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला. सख्ख्या नातवाला आणि चुलत नातवालाही. एकाच नावाचे दोघेतिघे एका वाड्यात नांदत असणार. गहाण टाकणारा कोण आणि पडणारा कोण, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही कागद दाखवता येतात, एवढेच.

आणि असा बिनआधाराचा कुलवृत्तांत वाईत निघावा! इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, आणि त्यातली पत्रे वाईतल्या एका घरात मिळालेली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांनी घरात जपलेली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची चोपडी, लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रकाशात आणली. तोवर शिवजन्माचे साल बहुतेक जण 1627 धरत. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 निघाले. वाद पुष्कळ झाला. पण वाद घालणाऱ्या प्रत्येकाला कागद कोणत्या घरातला हे माहीत होते, त्यामुळे त्याची परीक्षा करता आली, दुसऱ्या साधनांशी ताडून पाहता आले. 19 फेब्रुवारीला आपण शिवजयंती करतो, त्यामागे ही एका घराण्याची चोपडी आहे.

मात्र ‘अमक्यांचे दप्तर’ एवढेच लिहूनही भागत नाही, कारण कागद जागा बदलतात. इथून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. उद्या आपण तिथे जाणारच आहोत. कोणी तळटीपेत ‘मेणवली दप्तर’ लिहिले म्हणून तिथे कागद शोधू नका. ते इतिहाससंशोधक पारसनिसांच्या संग्रहातून पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले.

जमिनीच्या कागदांचेही तेच. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पणजोबांच्या जमिनीचा नुसता आजचा गट नंबर लिहाल तर जुन्या फेरफारापर्यंत नातू पोहोचणार नाही. गाव, तालुका, दोन्ही नंबर, फेरफाराचा क्रमांक आणि मंजुरीची तारीख, सगळे उतरवा. मूळ पाहिले, नक्कल पाहिली की कोणी व्हॉट्सॲपवर धाडलेला फोटो, तेही लिहा. मोडीचे लिप्यंतर कोणी केले त्यांचे नाव द्या. शुहूर किंवा फसली सन असेल तर तो कागदावर आहे तसाच ठेवून शेजारी इसवी सन मांडा. ही साले मृगाला पालटतात, एका सालात दोन इसवी सने येतात, आणि बेरजेत चूक करणारे तुम्ही पहिले नाही. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या चोपडीत नाव मिळाले तर चोपडी कोणत्या घरची, पान कितवे, आणि तो लेख आपल्या घरच्या कोणी सांगून लिहिला, हे टिपून घ्या.

राहिल्या घरातल्या बायका. कित्येक कुलवृत्तांतांत त्या एका ओळीत येऊन जातात आणि त्यांचे माहेर कोणत्याच दप्तरात सापडत नाही. ते आत्यांना ठाऊक असते. मग लिहा की, ‘आत्याने सांगितले, वय अठ्ठ्याऐंशी, अमुक दिवशी, तिने सासूकडून ऐकलेले.’ हाही आधारच. त्याची लाज वाटू देऊ नका. नुसते ‘असे म्हणतात’ लिहाल तर आत्याही गेली आणि तिची साक्षही.

आमच्या खात्यात माझ्या वेळी नाव कमी करायचे झाले तर ते खोडत नसत, कंस करत. जुने नाव वाचता येई, कंस कोणत्या फेरफाराने झाला तेही दिसे. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत मी ‘पानिपतावर पडले’ला कंस केला आहे. खाली आजोबांची वही आणि गहाणखत, दोन्हींची टीप आहे. भावकीतले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मंडपाच्या दाराशी टेबलावर पेन्सिली ठेवल्या आहेत. आपल्या पुस्तकाची स्वतःची प्रत उघडा, सगळ्यात अभिमानाची नोंद काढा आणि ती कुठून आली ते समासात लिहा. आठवत नसेल तर तसेच लिहा. जेवणाला अजून तास आहे.